आधी गुजरी, मग पाककृती

नागपूरकडचे जेवण म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सावजी रस्सा येतो. वर तेलाचा तवंग, आत भाजलेले खोबरे, खसखस, दगडफूल आणि मसाल्यांची लांबलचक यादी. हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरून हा रस्सा भोजनालयांत आला आणि बघता बघता साऱ्या शहराची ओळख होऊन बसला. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण ती पाहुण्यांची आणि भोजनालयाची चव आहे. रामटेक, मनसर, पारशिवनी, मौदा या पट्ट्यातल्या घरांत रोज जे शिजते ते अगदी दुसऱ्या टोकाचे असते. फोडणीला मोहरी-जिरे, लसूण, हिरवी मिरची नाहीतर भिवापुरी तिखट, हळद आणि मीठ. यापलीकडे मसाल्याचा डबा फारसा उघडत नाही. हा साधेपणा गरिबीतून आला किंवा घाईतून आला, असे सहज म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. साधा स्वयंपाक चवदार होतो त्याचे श्रेय चुलीपेक्षा बाजाराला अधिक जाते. जिन्नस ऐन हंगामातला असला की कृती आपोआप आखूड होते. हंगाम चुकला की तीच कृती लांबते, मसाला वाढतो, तेल वाढते आणि एवढे करून पहिला घास घेतल्यावर मीठच कमी पडले की काय अशी शंका येते. म्हणून घरच्या स्वयंपाकाचा विचार पाककृतीपासून सुरू करण्यात फारसा अर्थ नाही. तो गुजरीपासून सुरू करावा. आज ढीग कशाचे लागले आहेत ते पाहावे आणि मग घरी काय करायचे ते ठरवावे.

सांभारवडीचे उदाहरण घेऊ. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी. ही वडी लोक हौसेचा पदार्थ समजतात, पण तिचा जन्म कोथिंबिरीच्या मुबलकतेतून झाला असावा असे तिची कृती पाहिली की वाटते. इतर पदार्थांत चिमूटभर वरून भुरभुरायची ती कोथिंबीर इथे सारणच होऊन बसते, तीही जुड्यांच्या हिशेबाने. असा पदार्थ बाराही महिने परवडणे शक्य नाही. कोथिंबीर थंडीचे पीक. ऊन चढले की तिला लवकर फुले येतात, पाने बारीक पडतात, दांडे जून होतात आणि भाव चढतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाने रुंद आणि कोवळी असतात, वास इतका ताजा असतो की सारणात खोबऱ्याचा कीस, तीळ, खसखस, थोडी चारोळी आणि आले-मिरची-लसणाचा ठेचा पुरतो. खरी काळजी एकाच गोष्टीची घ्यायची. कोथिंबीर धुतल्यावर पंच्यावर पसरून अगदी कोरडी करायची आणि मगच चिरायची. ओल राहिली तर सारणाला पाणी सुटते, बेसन-कणकेची पारी आतून चिकट होते आणि तेलात पुडा फुटतो. पारीला आतून चिंचेचा कोळ लावून, घडी घालून, मंद आचेवर तळलेली ही वडी कढीबरोबर खातात. मेमध्ये हीच वडी करून पाहणाऱ्याला जुड्या महाग पडतात, दांडे निवडून टाकावे लागतात, वास कमी पडतो म्हणून गरम मसाला वाढवावा लागतो आणि शेवटी जी वडी हाती येते ती मसाल्याची असते.

चवीचे हे गणित केवळ आवडीनिवडीचे नाही, त्यामागे वनस्पतीच्या वाढीचे साधे कारण आहे. शेंगेतला दाणा कोवळा असतो तेव्हा त्यात साखर जास्त असते. तो पिकत जातो तशी साखरेची जागा पिष्ट घेत जाते, साल जाड होते, पाणी कमी होते. तोडल्यानंतरही हा बदल काही काळ चालू राहतो, म्हणून सकाळी तोडलेला मटार आणि तीन दिवस पोत्यात राहिलेला मटार यांची चव एक नसते. नागपूरकडे हिवाळ्यात तुरीचे सोले घराघरांत येतात ते याच कारणाने. सोले म्हणजे तुरीच्या हिरव्या शेंगांचे दाणे. हीच तूर वाळून डाळ झाली की तिला भिजवणे, कुकरच्या शिट्ट्या, घोटणे हे सगळे आले. सोल्यांना त्यातले काही लागत नाही. तेलात लसूण-जिऱ्याची फोडणी, त्यावर सोले आणि वांग्याच्या फोडी, पाण्याचा हबका, झाकण. भाकरी भाजून होईतो भाजी तयार. तांदूळ वैरला तर सोलेभात, दाणे भरडून परतले तर कचोरीचे सारण. एकाच जिनसाचे तीन पदार्थ, आणि तिन्हींत मेहनत जवळपास सारखीच कमी. वांग्याचेही तेच. थंडीतली वांगी पाणीदार आणि कमी बियांची मिळतात. तुराट्या किंवा पऱ्हाट्यांच्या आगीत ती भाजली की साल काळी पडून सुटते आणि गराला धुराचा वास लागतो. पुढे पातीचा कांदा, भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि सांभार, बस. तुराट्या तेव्हाच शेतातून निघालेल्या असतात. जळण आणि भाजी यांचा हंगाम एकच, हा योगायोग शेतकऱ्याच्या घरात नेहमीच्या सोयीचा भाग होता.

रामटेकचे म्हणून एक वेगळेपण आहे. नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे काटोल-नरखेड, संत्र्याचा आणि कपाशीचा. पूर्वेकडे सरकावे तसतसा भात वाढत जातो आणि रामटेकपासून पुढे भंडारा-गोंदियापर्यंत तलावांचा मुलूख लागतो. मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव, त्यांच्याखालच्या बांध्या, आणि पाण्यात वाढणारी पिके यांनी इथले ताट घडवले. तलावांतला शिंगाडा ढीवर समाजाचे पीक. तो पावसाळा सरता सरता तयार होतो आणि रामटेकच्या कार्तिकातल्या यात्रेच्या दिवसांत उकडलेला शिंगाडा टोपल्यांनी बाजारात असतो. वेगळी पाककृती लागतच नाही. मीठ घालून उकडायचा आणि सोलून खायचा. भाताच्या बांधीत पीक उभे असतानाच लाखोरी फेकून पेरण्याची इथली उतेऱ्याची पद्धत तर ओलीच्या शेवटच्या थेंबाचाही हिशेब ठेवणारी. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. भाताची कापणी होते आणि खालून लाखोरीची कोवळी पाने वर येतात. ती खुडून भाजी होते, आणि पुढे दाण्यांची डाळ. तालुक्याच्या उत्तरेला देवलापारकडे जंगल लागले की मोह, चारोळी, तेंदू आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या यांची भर पडते. कालिदासाच्या मेघदूतात रामगिरीवरचा, म्हणजे रामटेकचाच असे इथे मानतात तो, यक्ष आषाढातल्या मेघाला कुड्याच्या ताज्या फुलांनी अर्घ्य देतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच कुड्याच्या फुलांची भाजी विदर्भातल्या आदिवासी घरांत होते, हे मात्र कालिदास महोत्सवाला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल याची शंकाच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आता हंगाम उरलाय कुठे? कळमन्याच्या बाजारात रोज ट्रक येतात, छिंदवाड्याकडून कोबी-फुलकोबी येते, शीतगृहातला मटार जूनमध्येही मिळतो. मग महिन्यांचे पाढे कशाला म्हणायचे? आक्षेपातली वस्तुस्थिती मान्य करायलाच हवी. पण भाजी मिळणे आणि भाजीला हंगाम असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तो फरक दर पावसाळ्यात खिशाला कळतो. २०२३च्या जुलैत टोमॅटोने देशभर किलोमागे शंभरी ओलांडली, काही शहरांत दोनशेही गाठले. त्या दिवसांत टोमॅटोशिवाय स्वयंपाक कसा करायचा याच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगत होते, जणू हे काही नवीन संकट होते. वास्तविक टोमॅटो हे इथल्या पावसाळ्याचे आंबट कधी नव्हतेच. पावसाळ्यात अंबाडीची पाने असतात, घरात चिंच असते, उन्हाळ्यात वाळवलेल्या कैरीच्या फोडी असतात, ताक असते. अंबाडीची पाने उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून शिजवायची आणि वर लसणाची चरचरीत फोडणी द्यायची. या भाजीला टोमॅटोच्या भावाशी काही देणेघेणे नाही. शिवाय अंबाडी थंडीत पुन्हा कामाला येते, तिच्या लाल बोंडांचे सरबत आणि चटणी होते. बारमाही बाजाराने आपल्याला निवड दिली हे खरे, पण सगळ्या घरांनी सगळे महिने तेच पाच-सहा जिन्नस निवडले तर ती निवड कसली? बाराही महिने कांदा-टोमॅटो-बटाट्याचा रस्सा हा एकसुरी, आणि हंगामी स्वयंपाक एकसुरी असा उलटा आरोप ऐकू येतो, याची मला गंमत वाटते.

हंगाम ओळखायला पंचांग लागत नाही. गुजरीत एकच भाजी पाच-सात जणांकडे ढिगाने दिसली, ती तराजूऐवजी वाट्याने विकली जाऊ लागली आणि संध्याकाळी दर उतरला, की समजावे. ज्या भाजीसाठी अख्खा बाजार पालथा घालावा लागतो ती त्या दिवसाची भाजी नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो परंपरेच्या भक्तांनी ऐकायला हवा. स्थानिक आणि हंगामी म्हणजे आपोआप आरोग्यदायी, हे खरे नाही. लाखोरीचीच गोष्ट पाहा. या दाण्यात असा एक घटक आहे की दुसरे काही न खाता महिनोन्‌महिने केवळ लाखोरीवर राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. मध्य भारतात मजुरीच्या बदल्यात हीच डाळ मिळणाऱ्या वेठबिगारांना तो रोग जडला. १९६१ साली केंद्राच्या नियमाने तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि पुढे महाराष्ट्राने ती उठवली. कमी दोष असलेली ‘रतन’, ‘प्रतीक’ अशी वाणेही दरम्यान आली. या वादात दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे सत्य होते असे मला वाटते. डाळ भिजवून, उकळून, ते पाणी फेकून देण्याने दोष बराच कमी होतो. भात, भाजी, ताक यांच्या सोबतीने अधूनमधून खाल्ली तर ती आणि दुष्काळात एकमेव अन्न म्हणून खाल्ली तर ती, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणजे दोष जितका दाण्यात तितकाच दारिद्र्यात होता. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांत सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला खाजतात. चिंच घालून नीट शिजवणे ही तिथे चैन नसून गरज आहे. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, ते कापून भिजवावे आणि उकळून पाणी टाकावे लागते, कारण कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. तरोट्याची पाने पहिल्या पावसानंतर कोवळी असतात तेवढ्यापुरतीच खातात. रानातल्या अळंब्या तर ओळख पटवणारा जाणता माणूस सोबत असल्याशिवाय हातच लावायच्या नाहीत. तेव्हा साधा स्वयंपाक म्हणजे माहितीची गरज नसलेला स्वयंपाक, असे समजण्यात धोका आहे. कृती चार ओळींची असते, पण त्या चार ओळींतली एखादी गाळून चालत नाही.

उन्हाळ्याचे काय, असाही प्रश्न येतो. नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पालेभाज्या माना टाकतात. कन्हानच्या पात्रातल्या डांगरवाड्यांची डांगरे, टरबुजे आणि काकड्या सोडल्या तर गुजरी ओकीबोकी दिसते. या महिन्यांचे उत्तर इथल्या घरांनी उन्हाकडूनच घेतले. ज्या उन्हाने भाजी मारली त्याच उन्हात मुंगवड्या, कोहळ्याच्या वड्या, सांडगी मिरची, कुरड्या आणि शेवया वाळल्या. काडीवर कणीक गुंडाळून केलेले सरगुंडे वाळवून ठेवायचे आणि आंबे आले की उकडून रसाबरोबर खायचे. थंडीत हरभऱ्याची कोवळी भाजी घोळाणा करून कच्ची खाल्ली तरी ढीग उरतो, तोही वाळवून ठेवतात, आणि जूनमध्ये मूठभर चुरून डाळीत टाकतात. वाळवण हा हंगामी स्वयंपाकाचा अपवाद नाही, तो त्याचाच लांबवलेला हात आहे. मात्र शहरातल्या गच्च्या गेल्या, घरात दिवसभर माणूस उरले नाही आणि बचत गटांचे वाळवण विकत मिळू लागले, यात रडण्यासारखे काही नाही. मुंगवड्या विकत आणल्या तरी भाजी घरचीच होते.

खरा अडसर कष्टांचा आहे. चिवळीची भाजी निवडायला बसले की तास जातो. मुळांतली माती, बारीक दांडे, पुन्हा पुन्हा पाणी. सोले सोलायचे तर नखे हिरवी होतात. कृती आखूड झाली असे मी वर म्हटले, पण निवडणे-सोलणे धरले तर वेळेचा हिशेब बदलतो, आणि हा वेळ बहुतेक घरांत बाईचाच जातो. या आक्षेपाला पाककलेत उत्तर नाही, ते घरातल्या वाटणीतच शोधावे लागते. शेंगा सोलायला चुलीशी उभे राहावे लागत नाही, चव कळावी लागत नाही, बातम्या पाहता पाहता घरातल्या कोणत्याही पुरुषाला हे काम जमते. ते कोणी करणार नसेल तर हंगामी भाजीचे गोडवे त्याने गाऊ नयेत, एवढी अट मला रास्त वाटते. आठवड्यातून दोन दिवस निवडीची भाजी आणि बाकी दिवस वांगी, कोहळे, काकडी अशी चिरली की झाली भाजी, हा मध्यम मार्गही कोणी कमीपणाचा मानू नये.

भट्टीतल्या पदार्थांचा विषय काढला की आपल्याला पाव-केक आठवतात आणि हे काही आपल्याकडचे नव्हे असे वाटते. विदर्भाचा रोडगा त्याला उत्तर आहे. तो एकनाथांच्या भारुडात नवसाला बोललेला आहे, आणि आजही माळावर, मारुतीच्या देवळापाशी गोवऱ्यांच्या विस्तवात भाजला जातो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेत मीठ, ओवा आणि मुठीत गोळा राहील इतके तेलाचे मोहन. घट्ट भिजवलेल्या कणकेच्या लहान-मोठ्या तीन-चार पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावायचे, सगळ्यांत लहान पुरीचा गोळा दुसरीत, तो तिसरीत, असे गुंडाळत न्यायचे. असा थर असलेला गोळा आतपर्यंत भाजला जातो, नुसत्या कणकेचा तेवढाच गोळा मध्ये कच्चा राहतो. विस्तवातून काढून राख झटकायची, फोडायचा, वर तूप, शेजारी वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. मार्चमध्ये नवा गहू घरात येतो आणि वांगी अजून संपलेली नसतात, तो याचा काळ. गोवऱ्या नसलेल्या घरात साध्या विजेच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर तासाला थोडा कमी वेळ, मध्ये एकदा उलटून, रोडगे उत्तम भाजले जातात. गोवरीच्या धुराचा वास त्यांना येत नाही, हे खरे. पण कुरकुरीत पापुद्रा आणि आतला मऊपणा येतो, आणि शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर एवढे पुरे आहे.

त्याच ओव्हनला हिवाळ्यात संत्र्याचे काम द्यावे. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. रवा, दही, साखर आणि थोडे तेल एकत्र करून अर्धा तास ठेवायचे म्हणजे रवा फुलतो. शेवटी संत्र्याचा रस आणि खायचा सोडा घालून लगेच भांडे ओव्हनमध्ये. दही-रसाच्या आंबटाशी सोड्याची गाठ पडली की वायू सुटतो आणि केक हलका होतो. अंडी, लोणी, इसेन्स काही लागत नाही. सुगंध सालीत असतो, म्हणून सालीचा केशरी भागच किसायचा, खालचा पांढरा कडू असतो. रसाची मात्र एक खोड आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की हळूहळू कडू होतो. फोडींच्या पडद्यांत आणि बियांत असलेल्या घटकापासून रसात लिमोनिन तयार होते, आणि रस टिकवून विकू पाहणाऱ्या कारखान्यांपुढे हीच मोठी अडचण राहिली आहे. घरात तिचा उपाय फुकटचा आहे. फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवायच्या नाहीत, हाताने पिळायच्या, आणि तेही ओव्हन तापल्यावर.